थांबून दिलेले पैसे

चेक आता संपला, असं सगळेच म्हणतात, आणि भाजीच्या गाडीवर लटकणारा क्यूआर कोड पाहिला की ते पटतंही. आकडे मात्र जरा वेगळं सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ६६ कोटी चेकचे व्यवहार झाले आणि त्यांची एकूण रक्कम ७२ लाख कोटी रुपयांच्या आसपास होती. त्याच वर्षी यूपीआयवर १३ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले, रक्कम साधारण २०० लाख कोटी. भागाकार केला तर यूपीआयचा सरासरी व्यवहार दीड हजार रुपयांचा निघतो आणि चेकचा एक लाखाच्या वरचा. म्हणजे चहा, रिक्षा, भाजी, रिचार्ज यांतून चेक केव्हाच उठला. सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कंत्राटदाराचं बिल, फ्लॅटच्या सौद्यातला बयाणा, ट्रस्टला दिलेली देणगी, भागीदारांतला हिशेब, अशा ठिकाणी तो अजून टिकून आहे. फार मोठ्या रकमा आरटीजीएसने जातात हे खरं, पण मधल्या पट्ट्यात, जिथे रक्कम माणसाला जड वाटण्याइतकी मोठी असते, तिथे लोक अजून चेकबुक काढतात. सवय आणि वय ही दोन कारणं सांगून हा विषय मिटवता येतो. मला ती पुरेशी वाटत नाहीत. पैसे द्यायचं ठरणं आणि पैसे प्रत्यक्ष जाणं, या दोहोंत चेकमुळे अंतर पडतं आणि त्या अंतराला नियम असतात. हे अंतर म्हणजे जुन्या काळाची निव्वळ गैरसोय होती, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं, की त्यातली काही गैरसोय होती आणि काही राखण होती. कागद उद्या गेला तरी ही राखण ठेवावीच लागेल.

त्यासाठी आधी चेक म्हणजे काय आणि काय नव्हे, हे नीट पाहायला हवं. चेक म्हणजे पैसे नव्हेत. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम ६ आहे. त्यानुसार चेक हे एका ठरावीक बँकेवर काढलेलं आणि मागताक्षणी देय असलेलं बिल ऑफ एक्स्चेंज आहे. साध्या भाषेत, खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला लेखी हुकूम: माझ्या खात्यातून अमुक माणसाला अमुक रक्कम द्या. व्यवहारात माणसं तीन, चेक काढणारा, ज्याच्या नावे काढला तो आणि बँक. पण बँकेचं नातं त्यांतल्या एकाशीच असतं. खात्यात पुरेसे पैसे असताना बँकेने उगाच चेक परत केला, तर कलम ३१ प्रमाणे ती भरपाई देणं लागते ती काढणाऱ्याला. ज्याच्या हातात चेक आहे त्याला बँकेच्या काउंटरवर हक्क सांगता येत नाही. त्याने भांडायचं ते काढणाऱ्याशी. हुकूम म्हटला की तो खरा कुणाचा, हा प्रश्न येतोच. कॅनरा बँकेच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये याचं उत्तर स्पष्ट दिलं. एका कंपनीच्या हिशेबनिसाने खोट्या सह्या करून अनेक चेक वटवले होते. इतके दिवस कंपनीने पासबुक का तपासलं नाही, असा बँकेचा सवाल होता. कोर्टाने सांगितलं, की सही खोटी असेल तर हुकूमच नाही, आणि हुकूम नसेल तर खात्यातून रक्कम वजा करण्याचा बँकेला अधिकार नाही. खातेदाराचा पैसा त्याच्या सहीशिवाय हलणार नाही, आणि सही ओळखण्याची जोखीम बँकेची. आपल्या बाजूने इतकं ठामपणे उभं राहणारं दुसरं साधन बँकेच्या व्यवहारात क्वचितच सापडेल.

चेकच्या पानावर एक नजर टाकली तरी कळतं, की त्यावरची प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या लबाडीला उत्तर म्हणून आलेली आहे. रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा का लिहायची? कारण अंक बदलणं सोपं असतं, अक्षरं बदलणं तितकं सोपं नसतं. म्हणूनच दोहोंत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी धरावी, असं कलम १८ सांगतं. अक्षरांपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ का ओढायची, याचं उत्तर लंडनच्या एका प्रसिद्ध खटल्यात आहे. मॅकमिलन आणि आर्थर या पेढीतल्या कारकुनाने मालकापुढे सहीसाठी एक चेक ठेवला. अंकांच्या चौकटीत नुसता २ होता, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती आणि अक्षरांची ओळ कोरी होती. मालक घाईत होता, त्याने सही ठोकली. कारकुनाने २ च्या अलीकडे १ आणि पलीकडे शून्य लिहिलं, कोऱ्या ओळीत एकशेवीस पौंड असं भरलं आणि पैसे घेऊन तो पसार झाला. १९१८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की हा तोटा पेढीने सोसायचा; चेक लिहिताना खातेदाराने बँकेची वाजवी काळजी वाहिली पाहिजे, आणि ती इथे वाहिली गेली नव्हती. हा निकाल कॅनरा बँकेच्या निकालाशेजारी ठेवला की चेकमागचा न्याय पुरता दिसतो. सही तुमची नसेल तर तोटा बँकेचा. सही तुमची असेल आणि तुम्ही जागा मोकळी सोडली असेल तर तोटा तुमचा. कुणी कुठे थांबून पाहायचं होतं, त्यावर जबाबदारीची वाटणी ठरते. आपल्याकडे तर १ डिसेंबर २०१० पासून चेकवर तारखेखेरीज कुठेही खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर वर सही करून सुधारायची जुनी सोय गेली. नवं पान फाडायचं आणि पुन्हा लिहायचं. लिहिणाऱ्याला पुन्हा एकदा विचार करायला लावणारा हा नियम आहे.

दुसरी राखण नावाची. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की तो काउंटरवर रोख मिळत नाही. कुठल्या तरी बँकेमार्फतच जावा लागतो. त्या रेघांत ‘अकाउंट पेयी’ लिहिलं, की ज्याच्या नावे चेक आहे त्याच्याच खात्यात तो जमा व्हायला हवा. गंमत म्हणजे ‘अकाउंट पेयी’ हे शब्द १८८१ च्या कायद्यात नाहीत. बँकांच्या रिवाजातून ते आले आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशांनी पक्के झाले. असा रिवाज आपल्याकडच्या सराफ-सावकारांना नवा नव्हता. हुंडीच्या व्यवहारात दर्शनी हुंडी दाखवताच देय असे, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या ‘शाहा’मार्फतच मिळत. ती कुणा चोराच्या हाती लागली तरी त्याला आधी पतवाला माणूस गाठावा लागे, म्हणजेच आपली ओळख उघड करावी लागे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही गेली तर तिसरी ‘परपेठ’ काढण्याची सोय होती. इंग्रजांनी १८८१ चा कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या अशा दस्तांबाबतच्या स्थानिक रिवाजांना त्यांनी पहिल्याच कलमात हात लावायचं टाळलं. दूरच्या माणसाला पैसे पाठवायचे तर रक्कम योग्य माणसाच्याच हाती पडते आहे ना, हे पाहण्यासाठी वाटेत कुणीतरी उभा असावा, ही समज या बाजाराला चेकच्या आधीपासून होती. क्रॉस केलेल्या चेकमध्ये त्या शाहाची जागा बँकेने घेतली.

आता वाटेतल्या वेळाकडे येऊ. पानाच्या तळाशी, पांढऱ्या पट्टीवर, चुंबकीय शाईतले आकडे असतात: आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. कोडातले पहिले तीन आकडे शहराचे, मुंबईचे ४००, पुण्याचे ४११; पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. पूर्वी हे आकडे यंत्राने वाचून चेकचे गठ्ठे वेगळे केले जात आणि कागद खरोखरच एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाई. बाहेरगावच्या चेकला तर आठवडे लागत. चेक ट्रंकेशन सिस्टिम २००८ मध्ये दिल्लीत, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत आली, तेव्हापासून कागद जमा केलेल्या शाखेतच थांबतो आणि पुढे जाते ती त्याची प्रतिमा. काढणाऱ्याची बँक पडद्यावर तारीख, अंक आणि अक्षरं, सही, शिल्लक, ‘पेमेंट थांबवा’ अशी सूचना आहे का, हे पाहते आणि मंजुरी देते किंवा कारण नोंदवून परत करते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून हे काम दिवसभर चालतं. दिवसा ठरलेल्या वेळेत स्कॅन झालेला चेक लगेच पुढे जातो, काढणाऱ्याच्या बँकेने त्याच संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं असतं, आणि काहीच कळवलं नाही तर होकार धरला जातो. मला हा बदल पूर्ण मान्य आहे, आणि इथेच माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगायला हवी. चेकमध्ये दोन प्रकारचा वेळ असतो. एक, चेक लिहिण्यापासून तो बँकेत पडेपर्यंतचा: लिहिणाऱ्याला विचार करायला, दुसऱ्या सहीवाल्याला प्रश्न विचारायला, चूक झालीच तर बँकेला थांबवायला मिळणारा. दुसरा, चेक पडल्यानंतर पैसे खात्यावर यायला लागणारा. पहिला थांबा आहे, दुसरी रखडपट्टी. रखडपट्टीने कुणाचंच रक्षण होत नव्हतं. गरजवंत ताटकळे आणि त्याचे पैसे मधल्या दिवसांत कुठेतरी अडकून पडत. ती गेली हे उत्तम झालं. थांब्याचं मोल रिझर्व्ह बँकेलाही पटलेलं आहे. रखडपट्टी कमी करण्याचं काम चालू असतानाच, १ जानेवारी २०२१ पासून, तिने ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे ही सोय आणली: चेक लिहिल्यावर त्याचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम खातेदाराने आपल्या बँकेला आधी कळवायची, चेक आला की बँकेने ताडून पाहायचं. पाच लाख आणि वरच्या चेकसाठी हे सक्तीचं करायची मुभाही बँकांना आहे. चेक वटण्याचा वेग वाढवणाऱ्या त्याच व्यवस्थेने चेक लिहिण्याच्या जागी एक टप्पा वाढवला.

हा थांबा खरंच कामाचा आहे, याचा सर्वांत चांगला पुरावा चेकच्या जगातून येत नाही. तो चेकला मागे टाकणाऱ्या व्यवस्थांतून येतो. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांकावर. नावाच्या रकान्यात काहीही लिहिलं तरी व्यवहार अडत नाही. एक आकडा चुकला आणि तो कुणा दुसऱ्याचा खरा खाते क्रमांक निघाला, तर पैसे तिकडे जातात. चेकमध्ये नाव हाच पाया होता. नव्या व्यवस्थेत नावाला जवळजवळ शोभेची जागा मिळाली. अखेर रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यावी. यूपीआयचं तेच. त्यावर नव्याने नोंदणी केलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत ५ हजारांहून जास्त पाठवता येत नाहीत. सगळी व्यवस्था सेकंदावर चालत असताना हा एक दिवसाचा अडथळा जाणूनबुजून ठेवलेला आहे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, असं सरकार बजावतं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं. चेकच्या वेळी हेच काम एका ‘स्टॉप पेमेंट’च्या अर्जाने होत असे, आणि ते पैसे जाण्याआधी होत असे. ब्रिटनने २००८ मध्ये झटपट पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू केली. पुढे भामट्यांनी फसवून लोकांकडूनच पैसे पाठवून घेण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कायदा बदलावा लागला: फसवणुकीचा सबळ संशय असेल तर बँकेला व्यवहार आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरता येईल. आधी थांबा काढायचा आणि मग कायद्याने परत बसवायचा, असा हा उलटा प्रवास आहे. यावरून मी इतकंच म्हणतो, की पैसे जाण्याआधीचं अंतर हे तंत्रज्ञानाच्या मागासलेपणाचं लक्षण नव्हतं. ते व्यवहाराचं अंग होतं, आणि ते कापलं की दुसरीकडून उगवतं.

यावर पहिला आक्षेप मोठा आहे आणि तो मुंबईचाच आहे. चेकच्या या सगळ्या राखणींचं १९९२ मध्ये काय झालं? शेअर बाजाराच्या त्या घोटाळ्यात रोख्यांच्या व्यवहारांसाठी एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावे काढलेले अकाउंट पेयी चेक सरळ दलालाच्या खात्यावर जमा केले जात होते. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने ही पद्धत उघड केली. चेकवर नाव बँकेचं, रेघा दोन, शब्द ‘अकाउंट पेयी’, आणि पैसे तिसऱ्याच माणसाकडे. मग या रेघांना अर्थ काय? हा आक्षेप मी टाळणार नाही. पण नीट पाहिलं तर रेघा अपुऱ्या होत्या म्हणून तो घोटाळा झाला नाही. रेघा पाळायच्या नाहीत अशी वहिवाट काही बँकांनी आपसांत मान्य केली म्हणून झाला. नियम मोडणाऱ्यांनी नियम आधी सोयीसाठी शिथिल केला, कारण रोख्यांच्या बाजारात त्यांना वेग हवा होता. आणि पैसे कुठे वळवले गेले याचा मागही त्या रेघांनीच ठेवला. कागदावर लिहिलेलं नाव आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचं नाव वेगळं, हा न बसणारा मेळच पुरावा होता. राखण मोडली होती, पण मोडल्याची खूण कागदावर राहिली होती. पुढे अकाउंट पेयी चेक दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा करायचा नाही, हा दंडक रिझर्व्ह बँकेने कडक केला. या प्रकरणातून चेकचं अपयश दिसत नाही. थांबा पाळणाऱ्या माणसाशिवाय थांबा म्हणजे नुसती शाई, एवढं दिसतं.

दुसरा आक्षेप याहून जिव्हारी लागणारा आहे, कारण तो गरीब आणि मध्यम माणसाचा आहे. चेकमधला हा वेळ राखणीचा आहे असं तुम्ही म्हणता. पण प्रत्यक्षात त्याच वेळाचा फास होतो. खासगी सावकार, लहान फायनान्सवाले कर्ज देताना सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवतात. हप्ता चुकला की वाट्टेल ती रक्कम भरून चेक बँकेत टाकतात, चेक परत येतो आणि कर्जदार फौजदारी कोर्टात उभा राहतो. हे खरं आहे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झालं आणि शिल्लक नसल्याने चेक न वटणं हा गुन्हा ठरला. आधी शिक्षा एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत गेली, शिवाय चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. कोरा चेक सही करून स्वखुशीने दिला आणि दुसऱ्याने तो भरला, तरी देणं होतं असंच गृहीत धरलं जाईल आणि नव्हतं हे सिद्ध करणं काढणाऱ्यावर येईल, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. हा विषय २०२० मध्ये कोर्टाने स्वतःहून हाती घेतला, तेव्हा नोंद अशी होती, की २०१९ च्या अखेरीस देशभर असे ३५ लाखांहून जास्त खटले तुंबले होते. चेकची बाजू मांडणाऱ्याने या आकड्यापुढे मान खाली घालायला हवी. तरीही दोन गोष्टी म्हणाव्या लागतात. एक, कायद्याने इथेही थांबा ठेवला आहे: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, ते न दिल्यास मग एका महिन्यात तक्रार. तुरुंग हा शेवट आहे, वसुली हा हेतू. दोन, तारण म्हणून घेतलेला कोरा चेक चेकच्या स्वभावाविरुद्धच आहे. पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने चेकच नसतो, नुसतं बिल ऑफ एक्स्चेंज असतो; आणि कोऱ्या चेकमध्ये तर लिहिणाऱ्याने थांबायची जागाच दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. लंडनच्या त्या पेढीमालकाने घाईत जे केलं, ते आपले लाखो कर्जदार नाइलाजाने करतात. शिवाय हा फास कागदापुरता उरलेला नाही. खात्यातून परस्पर हप्ता कापण्याची इलेक्ट्रॉनिक मुभा दिली आणि शिल्लक नसेल, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातलं कलम २५ तशीच शिक्षा सांगतं. तेव्हा इलाज चेक बंद करण्यात नाही. तारण म्हणून कोरा चेक घेण्याच्या प्रथेवर बंधन आणण्यात आहे.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे. चेक हे शिकलेल्यांचं, पगारदारांचं, पत असलेल्यांचं साधन राहिलं. सही न येणाऱ्या खातेदाराला बँका सहसा चेकबुक देत नाहीत. फुलवाली, भंगारवाला, नाक्यावरचा मजूर यांना चेक कधीच उपयोगी पडला नाही. क्यूआर कोडाने मात्र त्यांना पहिल्यांदाच बँकेच्या व्यवहारात समान जागा दिली. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही, आणि तो असायची गरजही नाही. दहा-वीस रुपयांच्या व्यवहारात थांबा नकोच. तिथे वेग हीच सोय आणि तीच न्याय्य गोष्ट. पण आक्षेप इथे संपत नाही, पुढे जातो. तोच मजूर आयुष्यात एकदा घरासाठी लाख-दोन लाख देतो, मुलीच्या कॉलेजचे पैसे भरतो, तेव्हा त्याच्या हातात तेच सेकंदाचं साधन असतं आणि मध्ये कुणीही नसतं. श्रीमंताच्या कंपनीत हिशेबनीस असतो, दुसरी सही असते, ऑडिटर असतो. गरिबाच्या पैशाभोवती अशी माणसं नसतात. म्हणून राखण साधनातच असायला हवी. चेक त्याला मिळाला नाही ही चूक होतीच. चेकमधली राखणही त्याला न मिळणं ही दुसरी चूक ठरेल.

शेवटचा आक्षेप सर्वांत शहाणा आहे: हे सगळं कागदाशिवायही होतंच की. नेटबँकिंगमध्ये एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेचं खातं सेक्रेटरी आणि त्याच्या जोडीला चेअरमन किंवा खजिनदार, अशा दोघांच्या सह्यांनी चालतं. ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक दोघे लागतात. आता तिथे डिजिटल सह्या आल्या, तरी माणसं दोनच राहिली. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि माझा मुद्दाही हाच आहे. कागदाबद्दल मला मोह नाही. ब्रिटनने २००९ च्या डिसेंबरात २०१८ पर्यंत चेक बंद करायचं जाहीर केलं होतं आणि वयस्क माणसं, धर्मादाय संस्था, लहान धंदेवाले यांच्या विरोधामुळे जुलै २०११ मध्ये तो बेत सोडला. त्या वेळचा धडा लोक कागदाला चिकटतात एवढाच नव्हता. जो काही पर्याय येईल तो चेक जे करतो ते सगळं करणारा हवा, अशी त्यांची मागणी होती. चेक काय करतो? पैसे कुणाला द्यायचे हे नावानिशी सांगतो, रक्कम दोनदा लिहायला लावतो, दुसऱ्या माणसाला नाही म्हणायची संधी देतो, चूक उमगली तर थांबवायला वाव ठेवतो आणि तोटा कुणाचा हे आधीच ठरवून ठेवतो. वेळेची हद्दही त्याला आहे. सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आणली गेली, कारण काही लोक चेक रोख नोटेसारखे बाजारात फिरवत होते. या सगळ्या गोष्टी पडद्यावर करता येतात. आज त्या कंपन्यांना आणि संस्थांना मिळतात. एकट्या खातेदाराला त्यांतल्या अर्ध्याही धड मिळत नाहीत.

तेव्हा चेक जावा की राहावा, या वादात माझा निवाडा असा: तो हळूहळू जाईल आणि त्याबद्दल रडण्याचं कारण नाही, पण त्याच्या जागी जे येईल ते त्याच्या कसोटीला उतरलं पाहिजे. लहान रकमा वाऱ्यासारख्या जाऊ द्या. मोठी रक्कम नव्या माणसाकडे प्रथमच जात असेल, तर खातेदाराला स्वतःहून काही तासांचा थांबा, घरातल्या दुसऱ्या माणसाची मंजुरी आणि तोवर व्यवहार रद्द करण्याचा हक्क मागता आला पाहिजे. आणि खातेदाराच्या हुकुमाशिवाय गेलेल्या पैशाचा तोटा बँकेचा, हे १९८७ चं तत्त्व पासवर्ड आणि ओटीपीच्या काळातही तितकंच स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. तोवर ज्यांच्याकडे चेकबुक आहे त्यांनी एवढं तरी करावं: चेक नेहमी रेघा मारून आणि ‘अकाउंट पेयी’ लिहून द्यावा, रकमेनंतर ‘फक्त’ लिहून ओळ बंद करावी, मोठ्या चेकचा तपशील पॉझिटिव्ह पेमध्ये कळवावा, आणि कोऱ्या चेकवर, मागणारा कितीही ओळखीचा असला तरी, सही करू नये.